दुधाची पिशवी चालते, मग भाजीचीच का नाही?

गेल्या महिन्यात आमच्या भाजीच्या गल्लीत प्लास्टिकची तपासणी आली. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी "गाडी आली रे" म्हणून हाक दिली आणि दोन मिनिटांत सगळ्या गाड्यांवरच्या पिशव्या गोणपाटाखाली गेल्या. मी मेथीची जुडी हातात धरून उभी होते. तपासणीवाले पुढे गेल्यावर भाजीवाल्या मावशींनी गोणपाट सारलं आणि मला विचारलं, "ताई, तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हीच सांगा. दुधाची पिशवी चालते, तेलाची चालते, वेफर्सचं पाकीट चालतं. मग माझीच पिशवी का चालत नाही?"

मी रसायनशास्त्र शिकवते. तरी त्या क्षणी "नियमच आहे तसा" यापलीकडे मला काही सांगता आलं नाही आणि ते मनाला लागलं. पाच हजारांच्या दंडाच्या भीतीने जिची पहाट सुरू होते, तिला नीट उत्तर मिळायला हवं. हा लेख म्हणजे ते उत्तर. थोडं लांब आहे, कारण सुरुवात प्लास्टिक म्हणजे काय इथूनच करावी लागते.

प्लास्टिक म्हणजे मण्यांची माळ

एक मणी घ्या. त्याला तसाच दुसरा जोडा, मग तिसरा, असे हजारो. ही झाली माळ. रसायनशास्त्रात अशा लांबलचक माळेला पॉलिमर म्हणतात. कापूस, लाकूड, आपले केस हीसुद्धा निसर्गाने ओवलेली अशीच माळ आहे. मग कापूस मातीत कुजतो आणि पिशवी का कुजत नाही?

कापसाच्या माळेतली गाठ कुठे सोडायची हे मातीतल्या जिवाणूंना आणि बुरशीला कोट्यवधी वर्षांपासून ठाऊक आहे. पिशवीचं पॉलिथीन मात्र १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत अपघातानेच तयार झालं. त्याच्या माळेतले मणी कार्बनचे, एकमेकांना अगदी घट्ट धरून बसलेले. ती गाठ सोडवायला शिकायची तर शंभर वर्षांचा काळ निसर्गाच्या हिशेबी काहीच नाही.

मग गच्चीवर ठेवलेली प्लास्टिकची बादली दोन उन्हाळ्यांत तडकते, ती कशी? उन्हाने माळ जागोजाग तुटते. पण तुटलेला तुकडाही प्लास्टिकच असतो, जशी काच फुटली तरी काचच राहते. हे तुकडे पाच मिलिमीटरपेक्षा लहान झाले की त्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते पाण्यात उतरतं, माशांत जातं, धुळीतून श्वासात येतं. माणसाच्या रक्तात ते सापडल्याचं नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं. शरीरात जाऊन ते नेमकं काय करतं यावर अभ्यास चालू आहे. मी घाबरवत नाही, पण तो अभ्यास पुरा होईपर्यंत थांबायचं कशाला, हे मला कळत नाही.

डाळी सात, डबा एक

आपण सगळ्याला प्लास्टिक म्हणतो. ते तूर, मूग, मसूर, हरभरा या सगळ्यांना नुसतं "डाळ" म्हणण्यासारखं आहे. बाटलीच्या बुडाशी तिकोनी बाणांत एक आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट. २ शाम्पूच्या बाटल्यांचं, जरा दुधी, चिवट. ३ म्हणजे नळाच्या पाइपांचं पीव्हीसी. ४ दुधाच्या पिशवीचं. ५ पार्सलच्या डब्यांचं. ६ थर्माकोलचं. ७ म्हणजे उरलेलं सगळं.

इथे एक गैरसमज खोलवर बसलेला आहे. तिकोन दिसला की वस्तू पुन्हा वापरात येणार, असं आपण धरून चालतो. हा आकडा १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने ठरवला आणि तो फक्त माल कुठला हे सांगतो. त्या मालाचं पुढे काय होईल, याची त्यात काही हमी नाही. प्रत्येक प्रकार वेगळ्या तापमानाला वितळतो. एक किलो तुरीत मूठभर हरभरा पडला तर कुकरमध्ये काय होतं ते आठवा: तूर गळते, हरभरा टणक राहतो, वरण धड होत नाही. कारखान्यात प्लास्टिक वितळवताना हेच होतं. म्हणून आधी वेगळं करावं लागतं, आणि ते वेगळं करतं कोण?

एका आठवड्याचं पोतं

मावशींच्या प्रश्नानंतर मी घरात आलेलं सगळं प्लास्टिक आठवडाभर एका पोत्यात साठवलं. आम्ही चौघं. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या स्वच्छच्या ताईंना विनंती केली, की हे माझ्यासमोर निवडून दाखवाल का. पार्किंगमध्ये चादर अंथरली आणि बसलो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते: पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली. त्यातूनच पुढे स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून या बायका घरोघरचा कचरा उचलतात. घरटी थोडं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल ते, ही त्यांची कमाई. म्हणजे आपल्या पोत्यात काय आहे यावर त्यांच्या घरची चूल अवलंबून असते.

ताईंनी आकडा एकदाही बघितला नाही. पिशवी चुरगळून कानाशी धरायच्या, आवाज ऐकायच्या आणि टाकायच्या. झाकण नखाने दाबून बघायच्या. पाण्याच्या बाटल्या एकीकडे. शाम्पूची बाटली, तेलाचा कॅन, तुटकं तबकडं हे कडक प्लास्टिक दुसरीकडे. चौदा दुधाच्या पिशव्या तिसरीकडे. चौथा ढीग सगळ्यात मोठा झाला: वेफर्स, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या, मसाल्याची पाकिटं, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची वेष्टनं, औषधांच्या पट्ट्या, भाजीच्या पातळ पिशव्या. ताई म्हणाल्या, "याला कोण विचारत नाही."

मग त्यांनी दुधाच्या पिशव्या पुन्हा हातात घेतल्या. "ताई, चौदा पिशव्या आहेत, कोपरे तीनच. बाकीचे कुठे गेले?"

आपण पिशवी फोडताना कोपरा कात्रीने पूर्ण कापतो. बोटाच्या पेराएवढा तो तुकडा ओट्यावर पडतो, पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो नाहीतर भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात. पिशवी विकली जाते, कोपरा कुणीच वेचत नाही. त्या दिवसापासून मी कोपरा अर्धवट कापते, पिशवीलाच लटकता ठेवते. एवढ्याशा सवयीला पैसा लागत नाही, वेळही लागत नाही.

वेफर्सचं पाकीट आणि पुरणपोळी

चौथ्या ढिगाला गिऱ्हाईक का नाही? वेफर्सचं पाकीट आतून चांदीसारखं चमकतं ना, तिथे ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिक, वर शाई, मध्ये चिकटवणारा पदार्थ. हवा आणि ओलावा आत जाऊ नये म्हणून ही रचना उत्तम आहे. पण पोळी लाटून झाल्यावर पुरण पुन्हा वाटीत काढून द्या म्हटलं तर? तसंच हे. थर वेगळे करणं शक्य असलं तरी परवडत नाही.

उष्टं प्लास्टिक हा दुसरा अडथळा. ग्रेव्हीचा डबा न विसळता पोत्यात गेला की शेजारची रद्दीसुद्धा तेलकट होते आणि तिचा भाव पडतो. "धुवायला पाणी कुठून आणायचं, आधीच कपात" असं आमच्याच सोसायटीत एकजण म्हणाले. भांडी घासून झाल्यावर शेवटचं विसळलेलं पाणी असतं, त्यात डबा एकदा फिरवला तरी पुरतं. आरशासारखा लख्ख करायचा नाही, वास येऊ नये इतकाच.

मग मावशींचं उत्तर

भाजीची पातळ पिशवी आणि दुधाची पिशवी, दोन्ही जवळजवळ एकाच जातीच्या प्लास्टिकच्या. वजनही दोन्हींचं काही ग्रॅम. फरक पडतो तो त्या जातात कुठे यात. दुधाची पिशवी रोज त्याच ओट्यावर फुटते. पुण्यातल्या कितीतरी घरांत आजही ती धुऊन, दोरीवर वाळवून, महिन्याची चळत रद्दीवाल्याला जाते. एका जातीचा, स्वच्छ, एका जागी जमलेला माल, म्हणून तिला भाव मिळतो. तिचा पुढे दाणा होतो. दाणा म्हणजे वितळवून केलेल्या बारीक गोळ्या, ज्यांपासून पाइप नाहीतर नवीन पिशव्या निघतात.

भाजीची पिशवी मात्र दहा मिनिटांची सोबतीण. घरी आली की तिच्यात ओला कचरा भरून गाठ मारली जाते. नाहीतर ती वाऱ्यावर उडते. किलोभर जमवायच्या तर अशा तीनशे ते पाचशे पिशव्या चिखलातून वेचाव्या लागतात. कोण वेचेल? म्हणून ती गटारात राहते, गाईच्या पोटात जाते, पावसाळ्यात ओढ्याच्या मोरीला बूच बसवते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर राज्याने पातळ पिशव्यांवर कडक निर्बंध आणले, ते तुंबलेल्या गटारांमुळेच.

जाडीचे नियम इथून आले. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. केंद्राच्या नियमांनी पिशवीची किमान जाडी २०१६ साली ५० ठेवली होती, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ केली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२०. जाड पिशवी दुकानदाराला फुकट वाटणं परवडत नाही आणि वेचणाऱ्याला ती वजनात परवडते, असा त्यामागचा विचार. महाराष्ट्र त्याआधीच पुढे गेला होता. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, मखरं यांवर बंदी आणली. तीन महिन्यांच्या मुदतीनंतर दंड सुरू झाला: पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ताटल्या, कानकाड्यांच्या दांड्या, मिठाईच्या डब्यावरचं पातळ वेष्टन अशा वस्तू बंद झाल्या.

नियमामागचं कारण खरं आहे. तरी मला हेही म्हणायचं आहे, की ज्या पाकिटाला कोणीच विचारत नाही ते दुकानात दिमाखात लटकतं आणि दंड आधी भाजीच्या गाडीवर पोचतो, ही गोष्ट मावशींना खुपते ती बरोबरच खुपते.

"पण रिसायकल होतंच की!"

होतं, थोडं. २०१७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी जगाचा हिशेब मांडला. २०१५ पर्यंत माणसाने सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक बनवलं होतं. त्यातलं ६३० कोटी टन कचरा झालं. त्या कचऱ्यापैकी ९ टक्के पुन्हा वापरात आलं, १२ टक्के जाळलं गेलं आणि ७९ टक्के कचरा डेपोत किंवा उघड्यावर पडून राहिलं.

जे पुन्हा वापरात येतं तेही दर खेपेला एक पायरी उतरतं. जुन्या साडीची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं, पायपुसण्याची साडी होत नाही. पाण्याच्या बाटलीचा धागा होतो, धाग्याचा टी-शर्ट, आणि त्या टी-शर्टची पुढे बाटली सहसा होत नाही. म्हणून घरात न आलेली पिशवी ही रिसायकल झालेल्या पिशवीपेक्षा केव्हाही बरी.

जाळणं हा तर उपायच नाही. थंडीत वॉचमन शेकोटीत पाला टाकतात, त्यात पाकिटंही जातात. पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि ती शेजारच्या खिडकीतूनच आत येतात. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच ५,००० रुपयांचा दंड ठरवला आहे, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००.

"कापडी पिशवीही पर्यावरणाला महागच पडते म्हणे"

हा आक्षेप वायफळ नाही, म्हणून थोडं थांबते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली काढलेल्या हिशेबानुसार नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तर कुठे तापमानवाढीच्या बाबतीत ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, वीज लागते. प्रत्येक समारंभात छापील कापडी पिशव्या वाटणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा. आमच्या कपाटात अशा नऊ निघाल्या, सगळ्या कोऱ्या.

पण या हिशेबाला दोन बाजू आहेत. एक, त्यात गटारं, गाई, नदी मोजलेली नाही. दोन, पिशवी नव्या कापसाचीच का हवी? फाटलेल्या साडीची, जुन्या पलंगपोसाची पिशवी शिवली तर तिच्यासाठी नवा कापूस लागतच नाही. माझ्या सासूबाईंनी पॅन्टच्या कापडाची शिवलेली पिशवी अकरा वर्षं मंडईत जाते आहे. आठवड्याला दोनदा धरलं तरी अकराशेहून जास्त फेऱ्या झाल्या.

खरी अडचण असते ती विसरण्याची. पिशवी घरात असते आणि आपण ऑफिसातून परस्पर भाजीला थांबतो. पुण्यात यावर सोपा इलाज आहे: दोन पिशव्या आणि एक रिकामा डबा स्कूटरच्या डिकीत कायमचे. घरी भाजी काढली की पिशवी चावीशेजारी टांगायची, म्हणजे परत डिकीत जाते. कोथिंबीर, मिरच्या, आलं यांना जुन्या जाळीच्या पडद्याच्या छोट्या पिशव्या शिवा. ओल्या वस्तूंना, म्हणजे इडलीचं पीठ, दही, पनीर, चिकन, यांना डबाच. रिकाम्या डब्याचं वजन आधी करून घ्या. दोन वेळा दुकानदार वैतागतो, तिसऱ्या वेळी स्वतःच हात पुढे करतो.

कागदी कप आणि "विघटनशील" पिशवी

कागदी कपात चहा गळत नाही, कारण आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं राहिला तर सुमारे २५,००० सूक्ष्म कण त्यात उतरतात. अमृततुल्यात अजून काचेचा ग्लास किंवा कपबशी मागता येते. मागा. आणि चार चहा प्लास्टिकच्या पिशवीत ओतून, रबर लावून पार्सल न्यायची पद्धत तर आजच सोडा. ऑफिसात एक थर्मास ठेवला की झालं.

"कंपोस्टेबल" लिहिलेल्या पिशव्या मक्याच्या स्टार्चच्या वगैरे असतात. त्या खऱ्या असल्या तरी त्यांना सुमारे ५८ अंशांची टिकून राहणारी ऊब लागते. ती मोठ्या खतप्रकल्पात मिळते, घरच्या कुंडीत नाही, मुठेच्या पात्रात तर मुळीच नाही. त्यामुळे ही पिशवी नदीकाठी टाकायचा परवाना नव्हे. निर्माल्य पिशवीसकट पुलावरून खाली सोडणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगते: घाटावर कलश असतो, त्यात फुलं मोकळी करा आणि पिशवी परत घरी न्या.

"माझ्या एकटीने काय होणार? कंपन्यांना धरा"

कंपन्यांना धरायलाच हवं. त्यासाठी उत्पादकाची विस्तारित जबाबदारी नावाची तरतूद आहे: जो पाकीट बाजारात आणतो, त्याने तेवढं गोळा करून मार्गी लावायचं. त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. चौथ्या ढिगाचं उत्तर तिथेच आहे, माझ्या स्वयंपाकघरात नाही. एकाच जातीच्या प्लास्टिकचं पाकीट बनवणं त्यांनाच शक्य आहे.

आपल्या बाजूचा हिशेबही करून बघू. रोज दोन पिशव्या टाळल्या तर एका घराच्या वर्षाला ७३०. शंभर सदनिकांच्या सोसायटीत ७३,०००. या पिशव्या पुण्यातच राहिल्या असत्या असंही नाही. मुठा संगमावर मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला, आणि भीमा उजनीच्या धरणात. त्या धरणाचं पाणी सोलापूर शहर पितं. आपण पुलावरून सोडलेली वस्तू पाहुण्यांच्या माठाकडे निघालेली असते.

एक राहिलं. सॅनिटरी पॅड आणि डायपरमध्येही प्लास्टिक असतं आणि ते उघडे टाकले की ताईंना हाताने वेगळे करावे लागतात. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर मोठा लाल ठिपका काढा. स्वच्छने यासाठी "रेड डॉट" नावाची मोहीमच चालवली होती. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला जाते.

मावशींना मी हे सगळं तीन-चार खेपांत सांगितलं, भाजी निवडता निवडता. त्या म्हणाल्या, "कळलं. पण गिऱ्हाईक हात हलवत येतं, त्याचं काय? पिशवी नाही म्हटलं की पुढच्या गाडीवर जातं." याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. आता मी मेथी घेताना आसपासच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणते, "मावशी, पिशवी नको, माझी आहे."

परवा गच्चीवर खताची कुंडी चाळली. सहा महिन्यांचं खत, काळंभोर, मातीचा वास येणारं. भाजीचे देठ, केळीची सालं, चहाचा चोथा, कशाचाही मागमूस नव्हता. चाळणीत वर राहिले फक्त सात दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. एकावरची निळी रेघ अजून जशीच्या तशी होती.